आईच्या ओट्यावरच्या पट्ट्या

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची कंपनी सक्तीची सुट्टी देते. उरलेल्या रजा संपवा, नाहीतर बुडतील, असे मेल दिवाळीपासून येत असतात. बाकीचे लोक गोव्याला जातात. यंदा मी जाहीर केलं की मी दहा दिवस आई-पप्पांकडे राहणार. जाहीर केलं म्हणजे अगदी तसंच. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीला थांबवून सांगितलं. जायचं होतं वाकडहून तासाभरावरच्या दिघीला, पण माझा थाट असा की सीमेवर निघालेय. नवरा लेकीला घेऊन नागपूरला त्याच्या आई-वडिलांकडे गेला. जाताना एवढंच म्हणाला, "त्यांना जरा सुखाने राहू दे गं." मला त्याचा भयंकर राग आला होता.

खरं कारण सांगून टाकते. आमच्याच टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट जानेवारीत रिकामा होणार होता. मालक माझ्यासाठी थांबायला तयार होते, पण नवं वर्ष लागलं की हो की नाही ते सांगायचं होतं. पप्पा अठ्ठ्याहत्तरचे, आई चौऱ्याहत्तरची. दिघीच्या घरात संडास-बाथरूम मागच्या अंगणात, आणि गल्लीत रिक्षा वळत नाही. त्यांना वाकडला आणायचं हे मी ठरवून टाकलं होतं. फक्त ते त्यांना आपणहून सुचलंय असं वाटायला हवं होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा दहा दिवसांचा बेत. तो टिकला किती, तर पहिल्या चहाच्या कपापर्यंत.

"आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, बाग आहे," मी म्हणाले.

"बघू," पप्पा म्हणाले.

पप्पांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आई माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "कधी आलीस गं?"

मला येऊन तास झाला होता. मला वाटलं, टोमणा मारतेय. महिन्यातून दोन रविवार येऊन दोन तासांत पळणाऱ्या एकुलत्या एका लेकीला आईने टोमणा नाही मारायचा तर कुणी मारायचा? मी ओशाळून म्हटलं, "आता दहा दिवस आहे हां मी." ती म्हणाली, "बरं झालं."

आता पप्पांबद्दल सांगायला हवं. ते माणदेशातून विशीत इकडे आले, आयटीआय केलं, आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. आधी भोसरीत, मग कारखाना चाकणला गेला तसे तेही चाकणला. निवृत्त झाले तेव्हा अख्खी लाइन त्यांच्या हाताखाली होती. आमच्या भागात ज्या घरातला माणूस कंपनीत असतो, त्या घरात शिस्तीचं जपानी खूळ येतंच. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला खूण. कारखान्यात फळीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या असतात. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लांबून दिसते. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या असतात. कुठून चालायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. पप्पांना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. आमच्या घरात मी लहान असताना चपलासुद्धा खडूच्या चौकटीत काढाव्या लागायच्या.

पण या वेळी मी स्वयंपाकघरात नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. ओट्यावर हिरव्या टेपचा एक गोल, त्यात चहाचं पातेलं. बाजूला दोन छोटे गोल, त्यात साखरेचा आणि चहाचा डबा. गॅसच्या बटणांवर लाल रंगाचे ठिपके. भिंतीवर एक मोठी फळी, त्यावर झारा, उलथनं, चिमटा, खिसणी यांच्या आकृत्या काढलेल्या, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या आकृतीवर टांगलेली. डब्यांच्या झाकणांवर आतलं धान्य चिकटवलेलं. तुरीचे चार दाणे, मुगाचे चार दाणे, रव्याचा एक थर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत जमिनीवर पिवळी पट्टी, आणि मागच्या दाराला अगदी वर, हात पुरणार नाही अशी कडी, तिला घुंगरू.

रविवारी येत होते तेव्हाही यातलं काहीबाही दिसलं असणारच. पण मी बाहेरच्या खोलीत बसायचे, आयतं ताट घ्यायचे आणि घड्याळ बघायचे. आत जाऊन बघायला सवड कुणाला होती?

वर गंमत बघा. मी हिंजवडीत ज्या कामाचा पगार घेते ते काम म्हणजे वापरणाऱ्या माणसाचं कुठे अडतं ते शोधणं. ॲपमध्ये एखादं बटण म्हाताऱ्या माणसाला सापडत नसेल तर ते मला आधी कळतं, अशी माझी ख्याती आहे. त्यावर मी भाषणं देते. पोरं वहीत लिहून घेतात.

तर अशी मी, माझ्या अनुभवी नजरेने निष्कर्ष काढला की पप्पांनी आईचं स्वयंपाकघर बळकावलंय. पुरावे भरपूर होते. आई भाजी फोडणीला टाकायची तेव्हा पप्पा तिच्या मागे उभे. "आता हळद," म्हणायचे. "आता झाकण." आई मुकाट्याने झाकण ठेवायची. पन्नास वर्षं या बाईने ओटा सांभाळला, आणि आता साहेब निवृत्त होऊन तिथेच सुपरवायझर झालेत! माझं डोकं सणकलं.

"पप्पा, तिला तिच्या मनासारखं काही करू द्याल की नाही?" मी तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"तिच्या मनासारखंच हाय सगळं," ते म्हणाले आणि कोथिंबीर निवडायला लागले.

"आई, तूच सांग. तुला हे आवडतं?"

"छान आहे की," आई म्हणाली. "ह्यांना हौस आहे."

बघा, किती दबलेली आहे बिचारी, असं मी रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू जरा थांब." मला ज्या गोष्टी जमत नाहीत त्यांत थांबणं ही पहिली.

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. पप्पांची मोठी बहीण, वय ब्याऐंशी, गावाकडून येऊन महिना झालेली. येताना बाजरीचं पीठ, पावटा आणि स्वतःची मोडलेली कवळी घेऊन आली होती. ती माझ्या लॅपटॉपकडे बघून रोज विचारायची, "ही पेटी बडवून पगार देत्यात व्हय?" मी हो म्हटलं की ती सुस्कारा टाकून म्हणायची, "देवाची करणी." आत्यासमोर माझी ख्याती चालत नाही.

गुरुवारी पप्पांना आत्याची कवळी दाखवायला भोसरीला जावं लागलं. दाताच्या डॉक्टरने सकाळची वेळ दिली होती. पप्पांचा पाय निघेना. आधी म्हणाले पुढच्या आठवड्यात जाऊ. मग म्हणाले, तूच ने आत्याला. मी म्हटलं, मला ऑफिसचा एक फोन आहे. (सुट्टीतसुद्धा मी फोन घेते. माझ्यावाचून कंपनी बंद पडेल अशी मला भीती आहे, कंपनीला नाही.) शेवटी ते निघाले. दारातून परत फिरले.

"गॅसकडं बघ. तिला एकटी सोडू नको. आणि कशाला हात लावू नको."

"हो हो," मी म्हटलं. तोवर माझ्या डोक्यात सगळी आखणी झाली होती.

मी दिघीच्या पत्त्यावर आधीच काचेच्या बरण्या मागवल्या होत्या. एकसारख्या चोवीस, लाकडी झाकणांच्या, आणि त्यांवर चिकटवायला सुंदर इंग्रजी चिठ्ठ्या. पप्पांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मी पदर खोचला. पदर नव्हता, ट्रॅकपँट होती, पण खोचल्याचा आव तोच. आधी 'बिफोर' म्हणून फोनवर फोटो काढले, सगळ्या बाजूंनी. 'आफ्टर' काढून दोन्ही ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे होते. मग हिरव्या पट्ट्या सोलल्या. त्यांचा चिकटा निघेना, तो खोबरेल तेल लावून सुरीने खरवडला. गॅसच्या बटणांवरचे लाल ठिपके नेलपॉलिश काढायच्या औषधाने पुसले. फळी उतरवून कॉटखाली घातली, झारे-उलथनी एका उभ्या डब्यात ठेवली, मासिकांत असतात तशी. डब्यांतलं सगळं बरण्यांत ओतलं. चहाचं पातेलं खालच्या कपाटात गेलं, कारण ओटा मोकळा दिसायला हवा.

आई तेवढा वेळ स्टुलावर बसून बघत होती. मी प्रत्येक गोष्टीला विचारत होते. "हे इथे ठेवू?" "ठेव." "हे टाकून देऊ?" "दे." सगळ्याला हो. मला वाटलं, किती वर्षांनी हिला कुणीतरी विचारतंय! माझे डोळे भरून आले. स्वतःच्या चांगुलपणाने डोळे भरून येणारी मी एकटीच नसेन, अशी आशा आहे.

दोन तासांनी स्वयंपाकघर लखलखत होतं. मी हात पुसत म्हटलं, "आई, आता कर बघू चहा, तुझ्या मनाने."

ती उठली. ओट्यापाशी गेली. उजवा हात पुढे केला आणि जिथे पातेलं असायचं तिथे नुसत्या ओट्यावर टेकवला. थोडा वेळ हात तसाच राहिला. मग तिने एक बरणी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. गॅसच्या बटणाकडे बघितलं, हात मागे घेतला. पदराने हात पुसले, जरी ते कोरडेच होते. आणि माझ्याकडे वळून, परक्या माणसाशी बोलताना असतं तसं अदबीने हसून म्हणाली,

"चहा तुम्हीच करा बाई. दुसऱ्याच्या घरात मला काही सापडत नाही."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, चिडवतेय. "आई, नाटकं नको हां."

"छान ठेवलंय हो तुम्ही स्वयंपाकघर," ती म्हणाली. बाहेरच्या खोलीत गेली आणि सोफ्याच्या कडेवर बसली, पाहुणे बसतात तशी, मांडीवर पाकीट घेऊन. "पण मी आता निघते. हे कंपनीतून यायची वेळ झाली. पोरगी पण शाळेतून येईल माझी."

मी तिच्यासमोर उभी होते. सत्तेचाळीस वर्षांची, ट्रॅकपँट घातलेली, खोबरेल तेलाने हात बरबटलेले. मी म्हटलं, "आई, मीच आहे." ती मान डोलवत राहिली. माझी समजूत काढावी तशी. मी पप्पांना फोन लावला, तर त्यांचे आधीच चार मिस्ड कॉल येऊन पडलेले, ऑफिसचं बोलणं उरकल्यावर मी फोन नेमका सायलेंटवर टाकला होता. मी एवढंच म्हणू शकले, "पप्पा, या."

ते आत्याला घेऊन वीस मिनिटांत आले. रिक्षातून उतरून ते आत आले, स्वयंपाकघरात एकदा डोकावले, आणि मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आईसमोर गेले.

आई उठून उभी राहिली. तिला एवढं हायसं वाटलेलं दिसत होतं की मला बघवेना. "आलात? चला, आपल्या घरी जाऊ. ह्या बाई फार चांगल्या आहेत, पण उशीर झाला."

"चल, जाऊ," पप्पा म्हणाले. "चपला घाल." चपलांत तिचे पाय नीट बसेपर्यंत ते वाकून बसले. मग उठताना, माझ्या बाजूने तोंड न वळवता, हळूच म्हणाले, "मैदानाला एक चक्कर मारून आणतो. अर्धा तास हाय. जसं होतं तसं पायजे."

आणि ते तिला घेऊन गेले. हात धरून, आपल्याच घरातून आपल्या घरी.

मी दारात तशीच उभी. आत्या दुरुस्त करून आणलेली कवळी तोंडात चाचपत म्हणाली, "अगं बया, रडतीस काय, फळी कुठं टाकलीस ती काढ!"

त्या अर्ध्या तासाबद्दल मी आयुष्यात कुणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. कॉटखाली शिरून फळी काढली. खिळ्यावर चढवताना बोट चेचलं. टेपचं रीळ पप्पांच्या अवजारांच्या पेटीत मिळालं. माझे ते 'बिफोर'चे फोटो आता माझा एकुलता एक आधार होते. मी फोन आत्याच्या हातात दिला आणि ती तो उलटा धरून मला हुकूम सोडायला लागली.

"साकरंचा डबा हितं. न्हाई, हितं, तिच्या हातालगत!"

"आत्या, फोन उलटा धरलास तू."

"मला फोन नगं. म्या महिनाभर बघितलंय न्हवं!"

खरंच, फोटोत बघेपर्यंत तिने जागा सांगितलेली असायची. बरण्यांतलं धान्य परत डब्यांत ओतताना मूग रव्यात गेले, मी चाळणी मारत बसले, आत्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, "राहू दे ते, आधी चहाचं बघ!" गॅसवरचा लाल रंग कुठून आणायचा? माझ्याकडे लाल नेलपॉलिश होतं. पुसायचं औषधही माझंच होतं, तर रंगही माझाच लागला. ठिपके देताना घाईत एक ठिपका बटणाच्या खाली ओघळला. तो अजून तसाच आहे.

हे सगळं करता करता आत्याने मला सांगितलं. डोळ्यांत पाणी न आणता, दाणे निवडल्यासारखं. "दोन वरसं झाली. डाक्तरला दावलंय, गोळ्या चालू हायत्या. इसरती. पर ह्यो ओटा तिचा हात इसरत न्हाई. खुणा हायत्या तवर भाकरी थापती, भाजी करती, सगळं करती. माणूस मागं हुबा पायजे, बास."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?" आत्या म्हणाली.

पायरीवर आईच्या चपलांचा आवाज आला. मी बरण्यांचा ढीग चादरीखाली लपवला आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. आई आत आली, पाकीट खुंटीला अडकवलं, सरळ ओट्यापाशी गेली. उजवा हात पुढे झाला आणि पातेल्याच्या कडेला लागला. तिने पातेलं उचललं, पाणी घेतलं, लाल ठिपका वर आणला, गॅस पेटला. मग सहज मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"अगं, कधी आलीस तू? थांब, चहा टाकते."

मी म्हटलं, "आत्ताच आले." आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले, बराच वेळ.

दुपारी पप्पा अंगणात उन्हाला बसले होते. मागे मिलिटरीची हद्द असल्यामुळे तिकडे टॉवर उठलेले नाहीत, थंडी आणि ऊन दोन्ही थेट घरात येतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायला गेले होते, पण माझा स्वभाव, भांडायलाच लागले. मी परकी आहे का? आत्याला माहीत, मला नाही?

"तू आली असतीस," ते म्हणाले. "चार दिवस रडली असतीस. मग तिला वाकडला नेली असतीस. तिथं ओटा परका, दार परकं, संडासला जायची वाट परकी. आज बघितलंस, दोन तासांत काय झालं. ओटा तिचा हाय तवर ती हाय. मला एवढंच कळतं."

मला सुचलं ते असं होतं की बोलावंसं वाटेना, तरी बोलले. "पण पप्पा, तुम्ही एकटे किती दिवस पुरणार?"

"कंपनीत रिलिव्हर आल्याबिगर मशीन सोडत न्हाईत," ते म्हणाले. "पुढच्या पाळीचा माणूस न्हाई आला तर हाय त्यानंच उभं राहायचं. बंद न्हाई पाडायची लाइन."

"मी शिकते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नवा पोरगा भरतीला आला की फोरमन असंच बघत असणार. "उद्या सकाळी साडेसहाला," ते म्हणाले.

पुढचे पाच दिवस मी आयुष्यातली सगळ्यात कडक ट्रेनिंग घेतलं. आईच्या मागे किती अंतरावर उभं राहायचं: हात पोचेल पण तिला जाणवणार नाही इतकं. सांगायचं कधी: ती थांबल्यावर, आणि मनात पाच आकडे मोजून झाल्यावर. मी दोनलाच बोलायचे. "रिजेक्ट," पप्पा बाहेरून म्हणायचे. 'आठवत नाही का' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ती तेच पुन्हा विचारेल तर तेच पुन्हा सांगायचं, आणि पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात. यात मी सपशेल नापास होत होते. माझ्या आवाजात चौथ्या वेळेला ऑफिस यायचं. आत्या पावटा सोलत म्हणायची, "पेटी बडवनं सोपं हाय गं पोरी."

नापास होता होता एक गोष्ट कळली की मागे उभं राहून काही न करणं हे केवढं दमवणारं काम आहे. दुपारपर्यंत माझे पाय भरून यायचे. आणि मला फक्त दिवसाचं काम दिलं होतं. रात्री मी माडीवरच्या खोलीत कानात बोळे घालून झोपत होते, कारण मला आत्याच्या घोरण्याने झोप लागत नाही. रात्री खाली काय चालतं ते आत्यानेच सांगितलं. आई तीन-तीनदा उठते, मागचं दार हुडकते. घुंगरू वाजलं की पप्पा उठतात, तिला पट्टीवरून नेतात, आणतात. "डोळ्याला डोळा लागत न्हाई त्याच्या. खाटंवर बसूनच असतो." मला फार लाज वाटली. ती सांगायला दुसरा शब्द नाही.

तरीही एक कबुली देते. एवढं सगळं होऊनही मी फ्लॅटवाल्यांना नाही म्हणून कळवलं नव्हतं. मनात येत होतं, हे असं किती दिवस चालणार? माझी नोकरी, लेकीची शाळा, आणि पप्पांचं वय. वाकडच्या ओट्यावर पण पट्ट्या लावता येतीलच की. माझ्यातली ती भाषणं देणारी बाई अजून मेली नव्हती.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी जेवणं झाली तेव्हा पप्पांनी मला विचारलं, "बघशील?" मी हो म्हटलं. त्यांनी गॅसचं एकदा विचारलं, मागच्या दाराचं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "धा मिनिटं पाठ टेकतो." आणि कॉटवर आडवे झाले.

एक वाजला होता. दोन वाजले, तीन वाजले. पप्पा झोपले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना दुपारी झोपलेलं बघितलं नव्हतं, तोंड उघडं, एक हात कॉटवरून खाली लोंबलेला. आत्या तिच्या कोपऱ्यात पेंगत होती. आई आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होतो. आई फार हुशारीत होती. तिची बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालत होती आणि मी मागे पडले की ती माझ्यासमोरच्या ढिगातल्या चार शेंगा आपल्याकडे ओढायची.

चारच्या सुमाराला माझा फोन वाजला. फ्लॅटचे मालक. मी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते, पलीकडच्या माणसाला तसंही ऐकू गेलं असतं. "हां, बोला काका!" मी म्हणाले.

आईने हातातली शेंग टाकली आणि पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मटारचा ओला वास. डोळे वटारून, शाळेतल्या पोरीला दटावावं तसं, ती कुजबुजली, "हळू बोल गं! रात्रपाळी करून आलेत ते. आत्ता कुठं डोळा लागलाय."

मी लहान असताना पप्पांची रात्रपाळी असली की आई दुपारभर असंच करायची. कुकर लावायची नाही, भांडी घासायची नाही, मला आणि गल्लीतल्या पोरांना अंगणाबाहेर हाकलायची. आता ती त्यातल्या कुठल्या वर्षी होती, कोण जाणे. मी तिला 'पप्पा रिटायर झालेत' असं सांगणार होते. ओठांवर आलं होतं. मी मनात पाच आकडे मोजले, आणि पाचाला कळलं की सांगण्यासारखं काही नाही, ती बरोबर बोलतेय. तिला दिवस माहीत नव्हता, साल माहीत नव्हतं, पण शेजारच्या खोलीतला माणूस कुठून दमून आलाय ते घरात मला सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

मालक फोनवर विचारत होते, "हॅलो? काय ठरलं मग ताई?"

मी तोंडावरचा आईचा हात हातात घेतला. "नको काका, फ्लॅट नको," मी कुजबुजले.

"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोला जरा!"

"नाही बोलता येत," मी म्हटलं. "घरात रात्रपाळीचं माणूस झोपलंय."